सी मध्ये कॅल्क्युलेटर: 6 क्विंटलपर्यंत बरोबर, 7 टाकले की उत्तर मायनसमध्ये!

कच्चा_कोडर (सेलू)

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स, पहिलं वर्ष. प्रॅक्टिकलला साधा कॅल्क्युलेटर करायला सांगितलाय. एक संख्या घ्यायची, चिन्ह घ्यायचं, दुसरी संख्या घ्यायची, उत्तर छापायचं. लॅबमध्ये टर्बो सी आहे, तेच मी भावाच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्समधून (जुने डॉसचे प्रोग्राम चालवायचं सॉफ्टवेअर) चालवायलो. मोबाइलवर मराठी कीबोर्ड ठेवलाय, त्यामुळं कोड तोंडानं म्हणतो तसाच लिहितोय, सांभाळून घ्या.

इंट क, ख;
चार चिन्ह;
प्रिंटएफ("पहिली संख्या: ");
स्कॅनएफ("%डी", &क);
प्रिंटएफ("चिन्ह: ");
स्कॅनएफ("%सी", &चिन्ह);
प्रिंटएफ("दुसरी संख्या: ");
स्कॅनएफ("%डी", &ख);

पुढं स्विच आहे, त्यात + - * / अशा चार केस, प्रत्येकीत प्रिंटएफ आणि ब्रेक.

अडचण एक. पहिली संख्या टाकून एंटर मारलं की "चिन्ह:" आणि "दुसरी संख्या:" दोन्ही एकदमच छापून येतात. चिन्हासाठी थांबतच नाही. पण 7*4892 असं एका ओळीत न थांबता टाकलं तर चालतं. हे कामून?

अडचण दोन. घरी सोयाबीन निघालंय, म्हणून 2024-25 चा हमीभाव 4892 धरून हिशोब टाकून बघितला. 6 क्विंटलचे 29352 आले, बरोबर. 7 चे आले -31292. 14 चे 2952. 18 चे 22520. वडील शेजारीच बसले होते. म्हणाले, "सात क्विंटल माल घालून वर व्यापाऱ्यालाच एकतीस हजार द्यायचे काय?"

जर्नल सबमिट करायचंय. जरा लवकर सांगा.

निवांत_माणूस (जालना)

मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर फुकट असतोय की राव.

जुना_टर्बो (नांदेड)

निवांतराव, भात हॉटेलात मिळतो म्हणून कुणी कुकर लावायला शिकूच नये काय? पोराला शिकू द्या.

कच्चा_कोडर, दुसरी अडचण आधी घेतो, कारण ती मजेशीर आहे. तुझं गणित चुकलेलं नाही, डबा लहान पडलाय. टर्बो सी हा 16 बिटी डॉसच्या काळातला कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत करून देणारा प्रोग्राम. त्यात इंट म्हणजे 2 बाइट, म्हणजे एकूण 65536 वेगवेगळ्या संख्या. निम्म्या मायनसच्या, निम्म्या शून्य आणि प्लसच्या. म्हणून -32768 ते 32767 एवढंच त्यात मावतं. 6 क्विंटलचे 29352 मावले. 7 चे होतात 34244. हे 32767 च्या पुढं गेलं, की जुन्या मोटारसायकलचं मीटर सगळे नऊ झाल्यावर फिरून येतं तसं फिरतं, फक्त इथं शून्यावर न येता थेट मायनसच्या तळाला जातं.

खात्री करून घे. 34244 वजा 65536, आलं -31292. तुझंच उत्तर. 14 क्विंटलचे 68488, त्यातून 65536 गेले, राहिले 2952. 18 चे 88056, त्यातून 65536 गेले, राहिले 22520. सगळी उत्तरं "चुकून" आलेली नाहीत, नियमानं आलेली आहेत.

आता यातलं सगळ्यात वाईट उत्तर कोणतं? मायनसवालं नाही. मायनस बघून वडिलांनीच पकडलं. 18 क्विंटलचे 22520 हे वाईट, कारण ते खऱ्यासारखं दिसतं. घाईत कुणी मान डोलावून पुढं जाईल.

उपाय: इंटच्या जागी लाँग घे, आणि स्कॅनएफ-प्रिंटएफमध्ये %डीच्या जागी %एलडी. पण एक खुबी आहे. क आणि ख इंटच ठेवून नुसतं उत्तर लाँगमध्ये ठेवलंस तर काही फरक पडणार नाही. गुणाकार दोन इंटचा, म्हणून तो इंटमध्येच होतो, तिथंच सांडतो, आणि सांडलेलं उत्तर मोठ्या डब्यात भरलं जातं. डबे गुणाकाराच्या आधी मोठे पाहिजेत.

आणि एक. मी "नियमानं" म्हणालो तो त्या मशीनचा नियम, सी भाषेचा नाही. भाषेच्या मानकात चिन्हासहित पूर्णांक ओसंडला तर काय व्हावं हे ठरवलेलंच नाही. आज फिरून आलं म्हणून उद्या दुसऱ्या कंपायलरवर तसंच येईल असं धरून चालू नको.

दुधनाकाठ (परतूर)

पहिली अडचण मी सांगते. बारावीच्या मुलांना शिकवते, दरवर्षी निम्मा वर्ग इथंच अडतो.

तू 7 टाकून एंटर मारलंस तेव्हा प्रोग्रामकडं दोन गोष्टी गेल्या: 7 हा अंक आणि एंटर. %डी नं फक्त 7 उचलला. एंटर तसाच रांगेत राहिला. मग %सी आला. %सी म्हणजे "पुढचं जे कुठलं अक्षर असेल ते". पुढं एंटरच होता, तो त्यानं आनंदानं घेतला. म्हणून तुझ्यासाठी थांबला नाही. स्विचमध्ये एंटरची केस नाही, त्यामुळं काहीच छापलं नाही. 7*4892 सलग टाकलंस तेव्हा 7 नंतर लगेच * होता, म्हणून चाललं.

स्कॅनएफ(" %सी", &चिन्ह);

टक्क्याच्या आधी एक मोकळी जागा दिलीय ती नीट बघ. त्या जागेचा अर्थ: आधीचे स्पेस, टॅब, एंटर सगळे गिळ, मग पहिलं खरं अक्षर घे. %डी स्वतःहून हे करतो, %सी करत नाही. एवढंच आहे.

तुला कुणीतरी सांगेल की मध्ये एफफ्लश(एसटीडीइन) टाक, काम होतं. टर्बो सी मध्ये होतंही. पण एफफ्लश छापायच्या बाजूसाठी आहे, वाचायच्या बाजूला ते लावलं तर काय होईल हे मानकात ठरवलेलं नाही. सवय लावू नको.

कच्चा_कोडर (सेलू)

ताई, एका मोकळ्या जागेनं काम झालं! दोन दिवस उगाच डोकं फोडलं. लाँग केल्यावर 18 चे 88056 पण आले.

दादा, पण लाँग कामून लागतंय? पुण्यातल्या मित्राचा हाच प्रोग्राम नुसत्या इंटवर 88056 दाखवतो.

जुना_टर्बो (नांदेड)

त्याच्याकडं जीसीसी नावाचा नवा कंपायलर असणार. तिथं इंट 4 बाइटचा, 2147483647 पर्यंत जातो. सी भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये 1972 च्या सुमारास घडवली ती पीडीपी-11 नावाच्या मशीनवर, आणि ते मशीन 16 बिटी होतं. मानकानं आजही इंटबद्दल एवढीच हमी दिलीय की 32767 पर्यंत तरी मावेल. त्यापुढं कंपायलरची मर्जी. त्यामुळं दोघांचे कंपायलर आपापल्या जागी बरोबर.

पाणी_पुरवठा (अंबाजोगाई)

भावा, टर्बो सी परीक्षेपुरतं ठेव. मोबाइलवर टर्मक्स नावाचं कमांड चालवायचं ॲप टाक, त्यात पीकेजी इन्स्टॉल क्लँग अशी कमांड दे, झाला तुझा खरा कंपायलर खिशात. लॅपटॉप नसलेल्या आमच्या अर्ध्या बॅचनं असंच सी शिकलंय. लॅबचा प्रोग्राम तिथं तसाच चालणार नाही बरं का. कोनिओ डॉट एच ही फाइलच सापडणार नाही, म्हणजे स्क्रीन पुसणारं सीएलआरएससीआर आणि बटण दाबायची वाट बघणारं गेटच दोन्ही काढायचे. आणि व्हॉइड मेन लिहिलंस तर क्लँग एरर देऊन परत पाठवतो. इंट मेन लिही, शेवटी रिटर्न 0.

कंपाइल करताना -वॉल हा पर्याय लावायचा. स्कॅनएफमध्ये & विसरलास की तो आधीच ओरडतो.

सोयरा_नाही_धायरा (हिंगोली)

लॅबमध्ये व्हॉइड मेन नाही लिहिलं तर मॅडम ओरडतात, घरी लिहिलं तर क्लँग ओरडतो. पोरानं जावं कुठं?

दुधनाकाठ (परतूर)

इंट मेन दोन्हीकडं चालतं. मॅडमना शांतपणे टर्बोवर चालवून दाखवायचं.

कच्चा_कोडर (सेलू)

टर्मक्स टाकलं, चाललं. पण आता नवीनच. 5 भागिले 0 केलं. टर्बो सी मध्ये "डिव्हाइड एरर" येऊन प्रोग्राम बंद पडला. मोबाइलवर उत्तर आलं 0! पुण्यातल्या मित्राच्या लिनक्सवर आलं "फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन". त्याच्या प्रोग्राममध्ये फ्लोट (पॉइंटवाली संख्या) नावालासुद्धा नाही. तिघांपैकी खरं कोण?

जुना_टर्बो (नांदेड)

तिघेही. पूर्णांकाला शून्यानं भागणं हे मानकानं पुन्हा "ठरवलेलं नाही" या खात्यात टाकलंय. मग जे होतं ते प्रोसेसर करतो. इंटेल घराण्याचा प्रोसेसर शून्यानं भागायला लावलं की काम थांबवून तक्रार करतो. डॉसमध्ये ती तक्रार "डिव्हाइड एरर" म्हणून दिसते. लिनक्सवर त्याच तक्रारीला जुन्या नावानं फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन म्हणतात, फ्लोटचा तिथं काही संबंध नाही. तुझ्या मोबाइलमध्ये आर्मचा 64 बिटी प्रोसेसर असणार, तो गुपचूप 0 देतो. कुठं बोंब नाही, काही नाही.

आणि क, ख डबल (फ्लोटसारखाच, पण जास्त अचूक) प्रकारचे असते तर 5.0 भागिले 0.0 ला बंद न पडता "आयएनएफ" छापलं असतं, म्हणजे अनंत.

म्हणून भागाकाराच्या केसमध्ये आधी विचारायचं:

इफ (ख == 0)
  प्रिंटएफ("शून्यानं भागता येत नाही\एन");
एल्स
  प्रिंटएफ("%एलडी\एन", क / ख);

बरोबरची दोन चिन्हं. एकच टाकलंस तर ख मध्ये 0 भरला जाईल, अट खोटी ठरेल, आणि प्रोग्राम एल्समध्ये जाऊन दर वेळी शून्यानंच भागेल. म्हणजे जे टाळायला अट घातली तेच हमखास होईल.

कच्चा_कोडर (सेलू)

हे झालं. आता खरी पट्टी (आडत दुकानातला मालाच्या हिशोबाचा कागद) टाकून बघितली. आपला माल 18 क्विंटल 37 किलो. इंट-लाँगमध्ये 18.37 जाईना, म्हणून सगळं फ्लोट केलं. किलो टाकले 1837, गुणिले 4892, भागिले 100. कागदावर 89866.04 येतंय. प्रोग्राम म्हणतो 89866.039062. चार पैशाचा प्रश्न नाही, पण हे मधलं कुठून आलं?

आणि दोन टक्के कट्टी धरून बघावी म्हणून 88056 % 2 केलं होतं (लाँगवाल्यात), तर 0 आलं.

दुधनाकाठ (परतूर)

% म्हणजे टक्का नाही बाळा, बाकी. 88056 ला 2 नं भागून बाकी 0. टक्के काढायचे तर गुणिले 2 भागिले 100. आधी गुण, मग भाग. उलट क्रमानं पूर्णांकात केलंस तर शेकड्याखालचं सगळं आधीच गळून जाईल. आणि % फ्लोट-डबलला चालतच नाही, कंपायलर एरर देईल. तिथं एफमॉड नावाचं फंक्शन आहे, मॅथ डॉट एच मध्ये.

जुना_टर्बो (नांदेड)

फ्लोटला 24 बिटांची अचूकता असते. सत्तर-ऐंशी हजार, लाखाच्या घरात गेलं की शेजारच्या दोन फ्लोट संख्यांत 1/128 चं अंतर राहतं. 89866.04 नेमकी त्या खुणेवर बसत नाही, सगळ्यात जवळची खूण आहे 89866.0390625. तीच साठवली गेली, तीच छापली. डबल घे, 53 बिट मिळतात. छापताना %.2एफ वापर. वाचताना मात्र %एलएफ पाहिजे. स्कॅनएफला डबलसाठी नुसतं %एफ दिलंस तर भलतंच काहीतरी भरलं जातं.

मुनीम_उदगीर

मला सी-बी काही येत नाही, भाच्यानं धागा दाखवला. मोंढ्यात आडत दुकानावर पट्ट्या लिहितो, म्हणून बोलतो.

किलोला क्विंटलच्या भावानं गुणा. आलेला आकडा हेच पैसे. रुपये नव्हं, पैसे. शंभर किलोचा क्विंटल, शंभर पैशाचा रुपया, दोन्हीकडचे शंभर कटतात. 1837 गुणिले 4892 करा, 8986604 येतील. मागचे दोन अंक पैसे, पुढचे रुपये. 89866 रुपये 4 पैसे. पॉइंट लागतोच कुठं? आम्ही कागदावर असंच करतो, आणि शेवटी पैसे सोडून देतो.

पाणी_पुरवठा (अंबाजोगाई)

मुनीमकाका 🙏 हे पूर्णांकातलं चलन झालं की! बँकांच्या सॉफ्टवेअरमध्येसुद्धा पैसे असेच पूर्णांकात ठेवायची रीत आहे.

जुना_टर्बो (नांदेड)

मानलं काका. तरी माझं म्हणणं, एका पट्टीला डबल पुरून उरतो. उगाच पोराला दोन वाटा दाखवू नका.

मुनीम_उदगीर

एका पट्टीला पुरंल. सांजच्याला शंभर पट्ट्यांची बेरीज मारायची असती, मालक चार पैशावरनं वही परत बघायला लावतो. तिथं पॉइंटवालं चालंना.

दुधनाकाठ (परतूर)

काकांच्या बाजूनं मी. डबल पुरतो हे खरं, पण इथं पूर्णांकात गणित जास्त सोपं आणि नेमकं आहे. कच्चा_कोडर, असं लिही:

लाँग किलो, भाव, पैसे;
पैसे = किलो * भाव;
प्रिंटएफ("%एलडी रुपये %एलडी पैसे\एन", पैसे / 100, पैसे % 100);

बघ, तुझा % चिन्हाचा खरा उपयोग आता आला. पैसे / 100 नं रुपये, पैसे % 100 नं उरलेले पैसे. पूर्णांकाचा भागाकार अपूर्णांक टाकून देतो हा दोष म्हणून शिकवतात, इथं तेच हवंय.

कच्चा_कोडर (सेलू)

लई भारी! मी पॉइंट देऊन छापलं, "%एलडी.%एलडी" असं. पण 89866.4 आलं?? चाळीस पैसे वाढले.

पाणी_पुरवठा (अंबाजोगाई)

बाकी 4 आली, त्यानं 4 छापले. पॉइंटनंतर 4 म्हणजे वाचणाऱ्याला चाळीस. %02एलडी लिही. दोन जागा घे, रिकामी असली तर शून्यानं भर, असा त्याचा अर्थ. मग .04 येईल.

मुनीम_उदगीर

हे बरं केलं. पट्टीवर शून्य राहिलं की भांडणं व्हतेत.

सोयरा_नाही_धायरा (हिंगोली)

लाँगमध्ये किती पैसे मावतात तेही सांगा, नाहीतर मोठ्या बागाईतदाराला परत मायनस.

जुना_टर्बो (नांदेड)

टर्बो सी मध्ये लाँग 4 बाइटचा, 2147483647 पैसे म्हणजे 2 कोटी 14 लाख 74 हजार 836 रुपये 47 पैसे. त्यापेक्षा मोठी पट्टी असली तर मला फोन करा, मी स्वतः येऊन हमाली करतो. मोबाइलवरच्या 64 बिटी क्लँगमध्ये लाँग 8 बाइटचा आहे, तिथं चिंताच नाही.

कच्चा_कोडर (सेलू)

चिन्हाचा कॅल्क्युलेटर आणि पट्टीचा, दोन्ही चालायलेत. प्रोग्राम परत परत चालावा म्हणून व्हाइल लूप टाकला. मोबाइल वडिलांच्या हातात दिला. त्यांनी भाव टाकला 4,892 असा, स्वल्पविराम देऊन. उत्तर आलं 73 रुपये 48 पैसे. मग धाकट्या बहिणीनं भावाच्या जागी "सोयाबीन" असं लिहिलं. स्क्रीनवर ओळीच ओळी पळायला लागल्या, थांबंना. टर्मक्स बंद करावं लागलं.

दुधनाकाठ (परतूर)

झालं! आता तू प्रोग्रामर झालास, कारण आता वापरणारे लोक आले. 😄

%डी किंवा %एलडी अंक दिसतील तोवर वाचतो. 4 वाचला, पुढं स्वल्पविराम दिसला, थांबला. भाव धरला 4. 1837 × 4 = 7348 पैसे. म्हणून 73.48. उरलेलं ",892" रांगेत पडून, ते पुढच्या फेरीत आडवं येणार.

"सोयाबीन" चं तसंच, पण जास्त वाईट. पहिलंच अक्षर अंक नाही, म्हणून स्कॅनएफ काहीच न घेता परत येतो. अक्षरं रांगेत तशीच. लूप परत फिरतो, परत तीच अक्षरं, परत नकार. कधीच संपणार नाही.

स्कॅनएफ किती गोष्टी यशस्वीपणे वाचल्या तो आकडा परत देतो. तो बघायचा असतो, पुस्तकात कुणी बघत नाही:

इफ (स्कॅनएफ("%एलडी", &भाव) != 1) {
  प्रिंटएफ("आकडा टाका\एन");
  व्हाइल (गेटचार() != '\एन') ;
  कंटिन्यू;
}

तो मधला व्हाइल ओळ संपेपर्यंत एकेक अक्षर वाचून फेकतो. त्याच्या शेवटचा एकटा सेमिकोलन मुद्दाम आहे, लूपच्या पोटात काही काम नाही म्हणून. इतर ठिकाणी इफ किंवा व्हाइलच्या कंसानंतर सेमिकोलन पडला तर तो घात करतो, तो फरक लक्षात ठेव.

एवढ्यानं "सोयाबीन" आवरेल. 4,892 आवरणार नाही, कारण तिथं स्कॅनएफ 1 च देतो.

कच्चा_कोडर (सेलू)

ताई, आणि एक गंमत. बहिणीनं ४८९२ असं मराठी अंकात टाकून बघितलं. "आकडा टाका" म्हणतो! आकडाच टाकलाय ना तिनं. वडिलांच्या मोबाइलचा कीबोर्डपण मराठी अंकांचाच आहे.

जुना_टर्बो (नांदेड)

स्कॅनएफला फक्त 0 ते 9 ओळखता येतात. आपला ४ त्याच्या लेखी अक्षर.

पाणी_पुरवठा (अंबाजोगाई)

याला वाट आहे, आणि त्याच वाटेत स्वल्पविरामही सुटतो. स्कॅनएफ सोडून दे. एफगेट्सनं अख्खी ओळ वाच आणि अंक स्वतः जुळव.

मोबाइलवर मजकूर यूटीएफ-8 मध्ये असतो, म्हणजे अक्षरं बाइटच्या आकड्यांत साठवायच्या पद्धतीत. त्यात देवनागरीचा प्रत्येक अंक 3 बाइटचा. ० म्हणजे 224, 165, 166. १ म्हणजे 224, 165, 167. असं करत ९ म्हणजे 224, 165, 175. पहिले दोन बाइट सगळ्यांचे सारखेच, फरक फक्त तिसऱ्यात. तिसऱ्यातून 166 वजा केले की अंक हातात.

ओळीच्या सुरवातीला उत्तर 0 धर. मग पुढं सरकत जा. बाइट 48 ते 57 मध्ये असेल तर साधा अंक, 48 वजा कर, एक घर पुढं सर. बाइट 224, पुढचा 165, त्यापुढचा 166 ते 175 मध्ये असेल तर मराठी अंक, 166 वजा कर, तीन घरं पुढं सर. स्वल्पविराम किंवा मोकळी जागा असेल तर नुसतं पुढं सर. एंटर आला की थांब. बाकी काहीही आलं तर "आकडा टाका". अंक मिळाला की दर वेळी:

उत्तर = उत्तर * 10 + अंक;

४८९२ वर हातानं चालवून बघ. 4, मग 48, मग 489, मग 4892. ओळीत एकही अंक सापडला नाही तर त्यालाही नकार द्यायचा, नाहीतर रिकाम्या एंटरचा भाव 0 धरला जाईल.

बाइट तपासताना अनसाइंड चार घे. इंटेलवाल्या लॅपटॉपवर साधा चार साधारणपणे मायनसमध्ये जाणारा असतो, तिथं 224 हा -32 दिसेल आणि एकही मराठी अंक जुळणार नाही. मोबाइलवर चाललं आणि लॅपटॉपवर अडलं तर आधी हेच बघ.

मुनीम_उदगीर

४,८९२ आणि 4892 दोन्ही घेतंय काय? मग आमच्या दुकानात चालंल. आमचे मालक मराठीच आकडे लिहितेत.

निवांत_माणूस (जालना)

बरं, मी पण टर्मक्स टाकलं. 2+3*4 केलं तर याच्या कॅल्क्युलेटरला 5 च येतंय. मोबाइलचा 14 देतोय.

जुना_टर्बो (नांदेड)

या, या, निवांतराव.

त्याचा प्रोग्राम एक संख्या, एक चिन्ह, एक संख्या एवढंच वाचतो. 2+3 झालं की त्याचं काम संपलं, *4 रांगेतच पडून. किराणा दुकानातला साधा कॅल्क्युलेटर 20 देतो, कारण तो प्रत्येक चिन्हाला आधीचं उरकून घेतो. 14 यायला गुणाकार आधी करायचा हे समजून घ्यावं लागतं. त्याची एक पद्धत डाइक्स्ट्रा यांनी 1961 मध्ये मांडली, चिन्हं एका ढिगात ठेवायची आणि मान बघून बाहेर काढायची. त्या ढिगाला स्टॅक म्हणतात, तो शिकल्याशिवाय ते करायला जाऊ नको, कच्चा_कोडर. दुसऱ्या वर्षाला डेटा स्ट्रक्चर येईल तेव्हा हाच प्रोग्राम परत उघड.

कच्चा_कोडर (सेलू)

मराठी अंक चालले! ४,८९२ टाकलं, 89866.04 आलं. वडिलांनी खिशातली पट्टी काढून ताडून बघितली. पट्टीवर 89866 च आहेत, चार पैसे सोडलेत काकांनी म्हटल्यासारखे.

आता जर्नलमध्ये कोणता लिहू? हा सगळा लिहिला तर पानंच्या पानं जातील. आणि व्हायवाला काय विचारतात?

दुधनाकाठ (परतूर)

जर्नलमध्ये चार चिन्हांचा स्विचवाला लिही, %सी आधीची मोकळी जागा आणि शून्याची अट ठेवून. हातानं लिहिताना ती मोकळी जागा दिसत नाही, म्हणून शेजारी एक ओळ टीप लिही. डिफॉल्ट केस घाल, कुणी & किंवा # टाकलं तर "चिन्ह चुकलं" छापायला.

व्हायवाला हमखास: केस '+' मधला ब्रेक काढला तर काय छापेल? उत्तर: पुढचा ब्रेक लागेपर्यंत खालच्या सगळ्या केस चालतील, म्हणजे बेरजेखाली वजाबाकीही छापेल. दुसरा: स्विचमध्ये डबल चालेल का? नाही, पूर्णांक किंवा चारच. तिसरा: स्कॅनएफमध्ये & कशाला? व्हेरिएबलमधली किंमत न्यायची नसते, तिथं भरायचं असतं, म्हणून जागेचा पत्ता द्यावा लागतो.

पट्टीचा प्रोग्राम मोबाइलवर तयार ठेव. एक्स्टर्नल मूडमध्ये दिसले तर दाखव.

जुना_टर्बो (नांदेड)

आणि लॅबच्या टर्बोवर 7 गुणिले 4892 इंटमध्ये करून दाखव. मायनस का आलं ते फळ्यावर वजाबाकी करून सांग. तिथंच मार्क पडतील.

मुनीम_उदगीर

हमालीचा आकडा पण घाला त्यात. आमच्याकडं पोत्यावर असती, क्विंटलवर नाही.

कच्चा_कोडर (सेलू)

पोती वेगळी विचारतो मग, काका. म्हणजे अजून एक लाँग.